पाणीपाळीचा कुलूपबंद ब्लॉग

मी एक जुना ब्लॉग आहे, मित्रांनो, आणि माझी किल्ली हरवली आहे.

ब्लॉग म्हणजे काय हे तुमच्यापैकी पुष्कळांना ठाऊक असेल. ज्यांना नसेल त्यांच्यासाठी सांगतो. गावातल्या सोसायटीच्या दारापाशी भिंतीवर एक लाकडी पेटी असते बघा. तिला काचेचं दार असतं, आणि त्या दाराला एक लहानसं कुलूप. आत नोटिसा लावलेल्या असतात. येणाराजाणारा काचेतून त्या वाचू शकतो, पण जुनी नोटीस काढायची किंवा नवी लावायची म्हटली तर किल्ली लागते. मी तसाच आहे. फरक एवढाच, की मी भिंतीवर नसून इंटरनेटवर आहे. त्यामुळे कोल्हापुरात बसलेला माणूस मला वाचतो, आणि दूरदेशी गेलेला माणूसही वाचतो.

मला डोळे-कान नाहीत. पण ज्याने मला उघडलं, त्याच्या पडद्याच्या काचेतून मला समोरचं दिसतं आणि ऐकू येतं. त्याने मला मिटलं की माझ्यापुरता अंधार होतो. तेव्हा जे पडद्यासमोर घडलं आणि जे लोकांनी माझ्यासमोर बोलून दाखवलं, तेवढंच मी तुम्हांला सांगणार आहे.

माझा जन्म २००६ साली कोल्हापुरात झाला. राजारामपुरीतल्या एका गल्लीत गुंडू नावाच्या माणसाचं नेट कॅफे होतं. पाच संगणक, मध्ये प्लायवुडच्या आडभिंती, आणि छताला एक कुरकुरणारा पंखा. त्यातल्या तीन नंबरच्या संगणकावर मी जन्मलो.

पण आधी मला ज्याच्यासाठी जन्माला घातलं, त्याच्याविषयी सांगायला हवं. नदीकाठच्या गावांत शेतकरी एकत्र येऊन पाणीपुरवठा संस्था काढतात. नदीवर मोटारी बसवतात आणि पाइपातून पाणी वर रानात आणतात. पाणी एक आणि रानं पुष्कळ, म्हणून प्रत्येकाला पाळी लावून दिलेली असते. अमक्या दिवशी अमक्या तासाला तुझं पाणी, मग शेजाऱ्याचं. त्या काळात विजेचं भारनियमन चालू होतं. एक आठवडा दिवसा वीज, एक आठवडा रात्री, आणि त्यातही ती मध्येच जायची. वीज दोन तास गेली की पुढच्या सगळ्यांच्या पाळ्या दोन तासांनी सरकायच्या. संस्थेचे सचिव कागदावर पुन्हा हिशेब मांडायचे, आणि कुणाला तरी वाटायचंच, की सचिवांनी आपल्या भावकीचं पाणी पुढे ओढलं.

कुरुंदवाडजवळच्या एका गावचा कृष्णात हा तरुण पुण्याला संगणकाच्या नोकरीत होता. त्याने गावच्या संस्थेसाठी एक प्रोग्राम लिहिला. वीज किती वेळ गेली ते त्यात भरलं की तो सगळ्यांच्या नव्या पाळ्या काढायचा आणि प्रत्येकाची चिठ्ठी छापायचा. कृष्णातने त्याचं नाव ठेवलं 'पाट'. आणि त्याने हा पाट मुक्त ठेवला. म्हणजे काय, ते नीट ऐका. एखादी बाई तुम्हांला लाडू देते, आणि लाडवाबरोबर तो कसा केला हेही लिहून देते. वर म्हणते, पाहिजे तर तुम्ही करा, त्यात बदल करा, दुसऱ्याला द्या. मुक्त प्रोग्राम तसा असतो. त्याच्या आत काय लिहिलंय ते कुणालाही उघडून पाहता येतं.

संस्थेचे सचिव बसलिंगाप्पा यांना हीच गोष्ट सगळ्यांत आवडली होती. ते म्हणायचे, "हिशोब कुणी पण उघडून बगा. मग माझ्या नावानं बोंब न्हाय मारायची."

हळूहळू आजूबाजूच्या गावांनी पाट नेला. कुणी सीडीवर नेला, कुणी पेन ड्राइव्हवर. आणि मग फोन सुरू झाले. ते सगळे कृष्णातला, पुण्याच्या ऑफिसात.

ज्या दिवशी मी जन्मलो, त्या दिवशी गुंडूच्या कॅफेत बसलिंगाप्पा, सुट्टीवर आलेला कृष्णात आणि सुष्मिता असे तिघे एका संगणकासमोर दाटीने बसले होते. सुष्मिता ही बसलिंगाप्पांची पुतणी. वडिलांच्या थोरल्या भावाला त्यांच्या घरात दोडाप्पा म्हणतात, म्हणून ती त्यांना दोडाप्पा म्हणायची. ती कोल्हापुरात संगणकाच्या क्लासमध्ये शिकवत होती.

"आप्पा, ऑफिसात दिवसभर फोन येतात," कृष्णात सांगत होता. "साहेब माझ्याकडं बघत बसतात. परवा तर एकानं विचारलं, मशीन चालू कुठनं करायचं."

"मग सांगायचं की," बसलिंगाप्पा म्हणाले. "आमी काय आईच्या पोटातनं शिकून आलोय व्हय?"

"सांगतो की. पण तेच किती जणांना सांगू? कुठंतरी लिहून ठेवायला पाहिजे. आणि मला लिहिता येत न्हाय."

"येवढा प्रोग्राम लिवलास की."

"ते यंत्राला कळायसाठी, आप्पा. माणसाला कळंल असं लिहिणं लई अवघड."

"आमची सुष्मी लिवती," बसलिंगाप्पा म्हणाले. सुष्मिता हसली, पण तिने नाही म्हटलं नाही.

गुंडू मागे उभा राहून ऐकत होता. तो पुढे झाला. "ताई, तुमी लिखाणाचं बगा. हे फॉर्म-बिर्म मी भरतो. रोजचं काम हाय माझं." त्याने भराभर रकाने भरले. ब्लॉगसाठी एक नवा मेल उघडला. पासवर्ड विसरला तर विचारायच्या प्रश्नाचं उत्तरही त्यानेच टाकलं, आणि शेवटी एका छोट्या चौकोनात टिक केलं. "हितं टिक केली की ह्यो तीन नंबर तुमाला वळखणार. सारखा सारखा पासवर्ड टाकाय नको."

"बरं झालं," सुष्मिता म्हणाली.

मलाही त्या वेळी बरंच वाटलं होतं, मित्रांनो. आपल्याला कुणीतरी ओळखतं, याचा आनंद कुणाला होत नाही?

सुष्मिता दर शनिवारी क्लास सुटला की यायची. गुंडू तीन नंबर तिच्यासाठी मोकळा ठेवायचा. ती मला लिहायची आणि लिहिलेलं लगेच लोकांसमोर ठेवायची नाही. बसलिंगाप्पा एसटीने कोल्हापूरला आलेले असले की आधी त्यांना वाचून दाखवायची.

"'माउसचं बटण दाबा,'" तिने एकदा वाचलं.

"कुठल्या बोटानं?" बसलिंगाप्पांनी विचारलं.

"पहिल्या."

"किती बारी?"

"एकदाच, दोडाप्पा."

"मग तसं लीव की. आमी दाबत बसतोय आनी तुमचं मशीन नुसतं लुकलुकतंय."

तिने ते वाक्य खोडलं आणि लिहिलं: 'माउसचं डावं बटण पहिल्या बोटाने एकदाच दाबा आणि बोट उचला.' माझ्या अंगावरचं प्रत्येक वाक्य असं कुणाच्या तरी अडचणीतून घडलं होतं. म्हणूनच की काय, लोकांना ते कळायचं.

माझ्या प्रत्येक लेखाखाली वाचकांना चार शब्द लिहायला जागा होती. तिला टिप्पण्या म्हणतात. तिथे लिहायला किल्ली लागत नाही. पहिली टिप्पणी करवीर तालुक्यातल्या एका सचिवांची आली. 'पावणं, तुमी लिवल्यापरमानं केलं. चिठ्ठी आली. पर शाई मागल्या बाजूला आली.' सुष्मिताने उत्तर दिलं, 'कागद उलटा घातला असेल.' दुसऱ्या दिवशी त्यांनी लिहिलं, 'व्हय. घातलता.' त्यावर आणखी दोन गावांनी लिहिलं, की आमचंही असंच झालं होतं, पण विचारायची लाज वाटली.

मग टिप्पण्यांमध्ये चावडीच भरू लागली. कुणी पाटाविषयी विचारायचं, कुणी पावसाविषयी, कुणी सुष्मिताला हुरड्याला बोलवायचं. काही संस्थांनी माझे लेख कागदावर छापून ऑफिसात खिळ्याला अडकवले. कृष्णातने तर पाटातच एक बटण बसवलं. त्यावर लिहिलं होतं 'मदत'. ते दाबलं की थेट मीच उघडायचो. त्या बटणाचा मला फार अभिमान होता. अडलेला माणूस बोट लावतो आणि समोर मी उभा राहतो, यापेक्षा मोठं काम ते कोणतं?

आता मित्रांनो, माझ्या अंगावरच्या शेवटच्या लेखाविषयी सांगतो. पुढचं सगळं त्यावरच बेतलेलं आहे.

एका शनिवारी बसलिंगाप्पा आले ते कॅफेत पाय ठेवल्या ठेवल्या बोलू लागले. "झुंबरबाईनं आज माझी पार अब्रू काढली."

"काय झालं, दोडाप्पा?"

"तिची पाळी सोमवारी रात्री दोनची. तुमच्या पाटानं चिठ्ठीवर काय छापलं? मंगळवार, रात्री दोन. ती बाई मंगळवारी रात्री जेवूनखाऊन, खोरं खांद्याला मारून रानात ग्येली. पानी कवाच फुडच्या रानात ग्येलतं. एक पाळी चुकली तिची."

"पण मंगळवारच बरोबर आहे. रात्री बारा वाजले की तारीख बदलते."

"ती बदलती तुमच्या मशीनात. झुंबरबाई म्हनाली, 'बसलिंगाप्पा, तुमच्या मशीनला रात्री बारालाच उजाडतंय व्हय? आमच्यात कोंबडा आरडल्याबिगर दिवस बदलत न्हाय.' आता काय सांगू तिला?"

सुष्मिता म्हणाली, "त्यांचंच खरं आहे. पाळी रानातल्या माणसाची आहे, तर दिवस पण त्याचाच धरला पाहिजे."

कृष्णातला प्रोग्राम दुरुस्त करायला वेळ लागणार होता. तोवर काय करायचं, हे सुष्मिताने माझ्यावर लिहिलं. मोठ्या लाल अक्षरांत. 'रात्री बारा ते दिवस उगवेपर्यंतच्या पाळीची चिठ्ठी छापण्याआधी तारीख एक दिवस मागे घ्या. म्हणजे चिठ्ठीवर सोमवारची रात्र सोमवारचीच दिसेल.' खाली झुंबरबाईंचं उदाहरणही दिलं, नाव न घेता. हा लेख सगळ्या गावांनी वाचला. त्यानंतर कुणाचीही रात्रीची पाळी त्या कारणाने चुकली नाही.

पुढच्याच महिन्यात सुष्मिताचं लग्न झालं आणि ती बेळगावला गेली. नवं घर, नवी माणसं, मग मूल. शनिवार येत राहिले, पण तीन नंबरच्या खुर्चीत दुसरीच माणसं बसू लागली. मला त्याचा राग आला नाही. मी वाट पाहत होतो. ब्लॉगवर नवा लेख आधी दिसतो आणि जुने खाली जातात. नवं काही आलंच नाही, त्यामुळे लाल अक्षरांतला लेख सगळ्यांत वर तसाच राहिला.

आणि मग कृष्णातने पाट दुरुस्त केला. नव्या पाटाला आता रानातला दिवस कळत होता. सोमवारी रात्री दोनला तो आपणहून सोमवारची रात्र म्हणू लागला. पण त्याने दुरुस्ती केली, तशी माझी लाल अक्षरं खोटी झाली. नवा पाट आधीच एक दिवस मागे येत होता. त्यात माझं ऐकून माणसाने आणखी एक दिवस मागे घेतला, तर सोमवारच्या रात्रीची चिठ्ठी रविवारची निघणार होती.

कृष्णातने सुष्मिताला फोन केला, की तेवढा लेख बदल. तिने बेळगावात मला उघडलं, तर मी तिला पासवर्ड विचारला. तिने कधी पासवर्ड टाकलाच नव्हता. तो फक्त तीन नंबरला माहीत होता. ती म्हणाली, कोल्हापूरला गेले की बघते. आणि माहेरी आली तेव्हा लेकराला कडेवर घेऊन राजारामपुरीत गेली.

तिथे कॅफे नव्हतं. काउंटरवर मोबाइल मांडले होते, आणि गुंडू रिचार्ज मारत बसला होता. त्याच्याकडे एकच संगणक उरला होता, तो नवा होता. त्यावर तिने मला उघडलं. त्या दोघांचे चेहरे मला खूप दिवसांनी दिसले.

"गुंडूदादा, तीन नंबर कुठाय?"

"भंगारवाल्यानं नेला, ताई. पाची नेली. कोन येतंय आता कॅफेत?"

"त्यात माझा पासवर्ड होता."

गुंडूने हातातला मोबाइल खाली ठेवला. "तुमाला पाठ न्हाय?"

"तुम्हीच भरला होता ना फॉर्म?"

"मी दिवसाला ढीगभर भरत हुतो की, ताई."

ती एकेक शब्द टाकून पाहू लागली. स्वतःचं नाव, गावचं नाव, पाट, पंचगंगा. प्रत्येक शब्द म्हणजे माझ्या दारावरची थाप होती. मी आतून ऐकत होतो, मित्रांनो, पण दार उघडणं माझ्या हातात नव्हतं. माझा पासवर्ड मलाच सांगितलेला नव्हता. तो दारावरच्या पहारेकऱ्याकडे होता, आणि त्या पहारेकऱ्याला माणसं ओळखू येत नाहीत. जिने मला शब्द न् शब्द लिहून वाढवलं, तिलाही त्याने सांगितलं, की तुम्ही चूक आहात.

मग तो प्रश्न आला, फॉर्म भरताना गुंडूने ज्याचं उत्तर दिलं होतं. तुमचा आवडता प्राणी कोणता?

"म्हस टाकली असंल मी," गुंडू म्हणाला. म्हैस नव्हती. "मग कुत्रं." कुत्रंही नव्हतं. "मांजर मी टाकनार न्हाय." तरी तिने मांजर टाकलं. त्यानंतर पहारेकऱ्याने काही काळासाठी प्रश्न विचारणंही बंद केलं. ब्लॉगसाठी उघडलेला मेलही कुणी वापरला नाही म्हणून कंपनीने कधीच मिटवून टाकला होता. कंपनी परदेशातली. सुष्मिताने तिला कळवलं, पण तिकडून कुणा माणसाचं उत्तर आलं नाही. लेकरू रडायला लागलं.

निघण्याआधी तिने लाल लेखाखाली टिप्पणी लिहिली. 'नवा पाट असेल तर हा लेख पाळू नका. तारीख बदलू नका. — सुष्मिता.' एवढंच तिला शक्य होतं. ती टिप्पणी जुन्या सगळ्या टिप्पण्यांच्या तळाला जाऊन बसली. हुरड्याच्या आमंत्रणाच्याही खाली.

तेव्हापासून मी खरा कोंडलो गेलो. कुणी आलं नाही तर एकटेपणा वाटतो, एवढंच. पण माणसं येत होती, आणि मी त्यांना चुकीची वाट दाखवत होतो. मदत बटण दाबून नवा माणूस आला, की त्याचे डोळे लाल अक्षरांवरून फिरायचे. मला ओरडून सांगावंसं वाटायचं, की बाबा, खाली जा, टिप्पण्या उघड. पण मला आवाज नाही. माझ्याकडे फक्त अक्षरं आहेत, आणि ती माझी मला बदलता येत नाहीत.

मग २००९ सालच्या उन्हाळ्यात मला अनुजाने उघडलं.

अनुजा ही नदीपलीकडच्या गावातल्या संस्थेची नवी सचिव. बसलिंगाप्पांनीच तिच्या पंचमंडळींना शब्द दिला होता, की पाट आणा, भांडणं मिटतील. तिच्याकडे नवा पाट होता. तिने मदत बटण दाबलं, लाल लेख मन लावून वाचला, आणि त्याप्रमाणे केलं. मी बघत होतो.

पुढल्या आठवड्यात तिने मला पुन्हा उघडलं, तेव्हा ऑफिस माणसांनी भरलं होतं. टेबलाच्या एका बाजूला हंबीरराव होते. त्यांच्या मनगटाला फडकं बांधलं होतं. दुसऱ्या बाजूला आकाराम, त्यांचा बांधाला बांध असलेला शेजारी. दोघांचा आवाज दारापर्यंत घुमत होता.

"रविवारच्या रात्री दोनची चिठ्ठी हाय माझ्याकडं. छापील हाय," आकाराम म्हणत होता.

"आनी माझ्याकडं काय लग्नाची पत्रिका हाय?" हंबीरराव म्हणाले. "रविवारी रात्री धापासनं पानी माझं. तू मदीच येऊन पाइपाचं चाक फिरवतोस?"

"मी माझ्या टायमाला आलतो."

"आनी माझ्या मनगटावर खोऱ्याचा दांडा कुनाच्या टायमाला आला?"

अनुजाने संगणक त्यांच्याकडे वळवला. तिचा चेहरा उतरला होता, पण आवाज ठाम होता. "काका, माझ्या मनानं काही केलेलं न्हाय. हितं लिहिलंय तसंच केलंय. बघा, लाल अक्षरांत हाय."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. इतक्या माणसांनी एकाच वेळी माझ्याकडे कधीच पाहिलं नव्हतं. पंचांपैकी एक म्हातारा म्हणाला, "हे मशीन न्हेऊन नदीत टाका. कागुद बरा हुता. कागुद चुकला तर मानसाला धरता येतंय."

तेवढ्यात निरोप मिळून बसलिंगाप्पा आले. कुणी पाणी विचारलं नाही. त्यांनी खुर्ची ओढून माझ्यासमोर बसून लाल लेख वाचला. ओठ हलवत, सावकाश. तो त्यांच्याच गावच्या झुंबरबाईंपायी लिहिला होता, हे त्यांना माहीत होतं. मग त्यांनी मोबाइल काढून बेळगावला फोन लावला आणि स्पीकर चालू करून टेबलावर ठेवला.

"सुष्मी, तारीख मागं घ्यायची का न्हाय?"

"न्हाय, दोडाप्पा. नव्या पाटात न्हाय. मी खाली टिप्पणीत लिहिलंय."

अनुजाने टिप्पण्या उघडल्या. खाली, खाली, अगदी तळाला गेली आणि मोठ्याने वाचलं. आकाराम वाकून पाहत होता. तो म्हणाला, "मग हे खाली कशापाय लिवलंय? वर लिवाय काय झालंतं?"

मग सुष्मिता म्हणाली, "वर लिहायची किल्ली माझ्याकडं न्हाय, काका. हरवली. दार माझंच हाय, पण मला आत जाता येत न्हाय."

हंबीरराव फडकं नीट करत म्हणाले, "म्हंजे ह्ये असंच ऱ्हानार? दुसऱ्या गावात पन कुनाचं तरी मनगट फुटनार?"

हाच प्रश्न मला रोज छळत होता. कुणीतरी तो मोठ्याने विचारला, याचंच मला समाधान वाटलं.

कृष्णातलाही फोन लावला. तो म्हणाला, नव्या पाटात मदत बटणाने हा ब्लॉग उघडणार नाही, त्याऐवजी ताकीद दिसेल, असं तो उद्याच करतो. "पण आधीच वाटलेल्या प्रती कुणाकडं आहेत, हे मलाच माहीत न्हाय, आप्पा. मुक्त प्रोग्राम आहे. ज्यानं त्यानं पुढं दिलाय. यादी कुठंच न्हाय."

"यादी कशाला लागतीय?" बसलिंगाप्पा म्हणाले. "तू मला दिलास. मी कुनाकुनाला दिला ते मला ठावं हाय. त्यांनी कुनाला दिला ते त्यास्नी ठावं. गावात सांगावा असाच जातोय की. ज्यानं ज्याला दिला, त्यानं त्याला सांगायचं. आनी नुसता फोन न्हाय करायचा. समोर बसून नवा पाट घालून द्यायचा." ते हंबीररावांकडे वळले. "आनी ह्या गावाला शब्द मी दिलता. तवा तुमच्या दोघांच्या म्होरं पयला मीच बसतो. आकाराम, तुजी खरी पाळी सोमवारची रात. काढ गं अनुजा, चिठ्ठी."

चिठ्ठी निघाली. आकारामने ती उजेडात धरून दोनदा वाचली, आणि हंबीररावांकडे न पाहता म्हणाला, "मनगट दाखवाय चला दवाखान्यात. गाडी हाय माझी."

सांगावा निघाला. तो कसा फिरला, ते मला टिप्पण्यांतून कळत गेलं. 'आमास्नी करवीरच्या पावण्यांनी सांगितलं.' 'आम्ही पुढच्या दोन संस्थांना सांगितलं, एक राहिली आहे.' 'ती पण झाली.' सुष्मिता, अनुजा आणि बसलिंगाप्पा यांनी मिळून एक नवा ब्लॉग काढला. त्याची किल्ली तिघांकडेही आहे आणि ती तिघांनाही पाठ आहे. नव्या मदत बटणाने तो उघडतो. माझ्याविषयी तिथे एकच ओळ लिहिली आहे: जुन्या ब्लॉगवर जाऊ नका, त्यावरचा रात्रीच्या पाळीचा लेख आता चुकीचा आहे.

ती ओळ मला वाचता येत नाही. अनुजाने एकदा मला उघडलं होतं, शेजारी कुणाला तरी ती वाचून दाखवली, तेव्हा मी ऐकली. आधी वाईट वाटलं. मग वाटलं, जे मला स्वतःला सांगता येत नव्हतं, ते शेवटी कुणीतरी माझ्या वतीने सांगितलं.

तेव्हापासून माझ्याकडे माणसं कमी येऊ लागली. हल्ली तर फारसं कुणी येतच नाही. लाल अक्षरं मात्र वर तशीच आहेत. कुणी मला पुसत नाही, कारण पुसायलाही किल्लीच लागते.

मित्रांनो, तुम्ही मोठे झालात की दुसऱ्यांना उपयोगी पडेल असं काहीतरी लिहाल. एखादं यंत्र कसं चालवायचं, एखादी भाजी कशी लावायची, एखादं गणित कसं सोडवायचं. जरूर लिहा. पण लिहून निघून जाऊ नका. अधूनमधून परत या आणि पाहा, की काल खरं असलेलं आजही खरं आहे का. आणि किल्ली एकट्याजवळ ठेवू नका, यंत्राजवळ तर मुळीच नको. ज्याच्यावर विश्वास आहे अशा माणसाला ती देऊन ठेवा. तुम्हांला येता आलं नाही, तर ते माणूस येईल.

आणि माझी काळजी करू नका. अंधार झाला की मी एवढाच विचार करतो: आज मला कुणी उघडलं नाही, म्हणजे आज माझ्यामुळे कुणाचं पाणी चुकलं नाही.